डिक्की भरताना

"ओ मॅडम, थांबा जरा... तुमच्या गाडीतून तेल गळायलंय."

गंजगोलाईच्या बाजारातल्या गर्दीत मी गाडी सुरू करतच होते. हाक ऐकून खाली उतरले. आठ दिवस लातूरला ऊन नव्हतं. पाऊसही धड पडत नव्हता, नुसतं भुरभुरत होतं. अंगावरचे कपडे सुकत नव्हते, की मनावरचं मळभ जात नव्हतं. तशात आता गाडी बिघडली, एवढंच माझ्या मनात आलं.

"इंजिनाचं आहे का?" मी विचारलं.

"इंजिनाला शेंगदाण्याचा वास येत न्हाई," तो म्हणाला.

हसला मात्र नाही. समोरच्या दोरखंड-ताडपत्रीच्या दुकानातून तो रस्ता ओलांडून आला होता. तिशीचा असेल. बाह्या दुमडलेल्या, खांद्यावर सुती दोराचं वेटोळं. मी डिक्की उघडली आणि तिथंच कपाळाला हात लावला. तेलाचा डबा आडवा झाला होता. तेल बेसनात, बेसन साबणात, आणि सगळ्यांच्या वर फुटलेली अंडी.

औशाला मुलींच्या वसतिगृहाची मी अधीक्षिका. चाळीस मुली. धान्य टेम्पोनं यायचं. तेल, चहा, गूळ, साबण, फिनेल, अंडी असलं किरकोळ सामान मी दर महिन्याला माझ्या जुन्या पांढऱ्या गाडीतून लातूरहून न्यायची. वडील गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. चालवायला मी शिकले होते. भरायला मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानं मला बाजूला व्हायला सांगितलं आणि सगळं सामान काढून दुकानाच्या पायरीवर मांडलं. पोत्याच्या तुकड्यानं डिक्की पुसली. मग एकेक वस्तू हातात घेऊन तो परत भरू लागला. साखरेची आणि गुळाची पोती आधी, अगदी खाली, मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून. तेलाचा डबा उभा, दोन पोत्यांच्या बेचक्यात, हलायला जागाच नाही असा. फिनेल आणि साबण वेगळ्या टोपल्यात, खाण्याच्या जिनसांपासून लांब. हलकं सामान वर, पण सीटच्या उंचीच्या वर काहीच नाही. उरलेली अंडी त्यानं पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत नेऊन ठेवली. मग डिक्कीच्या तळाशी चार कोपऱ्यांतली लोखंडी कडी दाखवली. इतकी वर्षं ती मला दिसलीच नव्हती. त्या कड्यांतून दोर ओवून त्यानं सामानावर फुली मारली, गाठ आवळली आणि पोतं हलवून पाहिलं. एकदा नाही, तीनदा.

"एवढं कशाला? वीस किलोमीटर तर जायचंय," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. डोळ्यांत काहीतरी विझल्यासारखं झालं.

"वीस किलोमीटर लई असतंय, मॅडम," तो म्हणाला आणि रस्ता ओलांडून निघून गेला.

त्याचं नाव अमरनाथ. हे मला पुढच्या महिन्यात कळलं, कारण पुढच्या महिन्यात मी गाडी त्याच्या दुकानासमोरच लावली.

मग ते ठरूनच गेलं. मी यादी घेऊन बाजारात फिरायची, सामान त्याच्या पायरीवर आणून ठेवायची आणि तो डिक्की भरून द्यायचा. आम्ही फार बोलायचो असं नाही. तो वसतिगृहातल्या मुलींविषयी विचारायचा, मी त्याला दोरांची नावं विचारायची. सुताचा, काथ्याचा, नायलॉनचा... नायलॉनची गाठ सरकते म्हणून ती दोनदा मारायची, हे त्यानं माझ्या हातांनी करवून घेतलं. बोटांना बोटं लागली तेव्हा आम्ही दोघंही गाठीकडेच बघत होतो. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

एकदा मी मुद्दाम लोणच्याची बरणी पोत्यांवर नेऊन ठेवली.

"हे तुम्हाला ठाऊक हाय की चूक हाय म्हणून," तो म्हणाला.

"आहे."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही रागावता कसं, ते बघायचं होतं."

त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला. पण हसता हसता मधेच थांबला, जणू कुणी आतून नाव घेऊन बोलावलं. बरणी काढून त्यानं खाली ठेवली. मग घरी जाईपर्यंत माझ्या मनात तेवढंच राहिलं... तो हसला त्यापेक्षा तो थांबला, ते.

दिवाळीनंतर एका मंगळवारी मी यादी न घेताच गेले. आभाळ त्याही दिवशी राखेसारखं होतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. स्टूल पुढं केलं, चहा सांगितला, आणि चहा येईपर्यंत दोराचं एक टोक उकलत बसला.

मग त्यानं सांगितलं. अडीच वर्षांमागं त्याच्या थोरल्या भावानं, बालाजीनं, बायकोसाठी घरगुती पिठाची गिरणी घेतली. गाडीची मागची सीट पाडून दोघा भावांनी ती याच दुकानासमोर गाडीत चढवली. अमरनाथ म्हणाला, पाच मिनिटं थांब, गिऱ्हाईक वाटेला लावतो आणि दोर घेऊन येतो. दोर घेऊन तो बाहेर आला तेव्हा गाडी गेली होती. बालाजी तेव्हा गावी राहायचा. गावाजवळ रस्त्यावर म्हैस आडवी आली. बालाजीनं ब्रेक दाबला. गाडी थांबली, गिरणी थांबली नाही.

"दोराचं दुकान माझं," अमरनाथ म्हणाला, "आणि माझ्या भावाला हातभर दोर मिळाला न्हाई. पाच मिनिटं का न्हाई थांबला तो... हे काही मला अजून कळंना."

चहा आला. तो तसाच निवत राहिला.

"अजून एक सांगायचंय," तो म्हणाला. आता तो माझ्याकडे बघत नव्हता. "वहिनी तवापासून आमच्या लातूरच्या घरातच हायत. चार वर्षांची पोरगी हाय. आबा, म्हंजे वडील, म्हणतेत, घरातलं घरात लगीन लावून टाकू. मी हो म्हणून बसलोय."

"कधी?"

"दोन महिने झाले. तुम्ही ती बरणी वर ठेवली ना... त्याच्या आदल्या दिवशी."

मी उठले. त्यानं अडवलं नाही. गाडीत बसल्यावर आरशात बघितलं, तर तो दारात उभा होता, हातात उकललेला दोर घेऊन. औशापर्यंत मी रडले नाही. फाटकाशी आले, मुलींनी सवयीनं सामान उतरवायला धाव घेतली, डिक्की उघडली आणि ती रिकामी बघून एकीनं विचारलं, "मॅडम, काहीच न्हाई आणलं?" तेव्हा मात्र मला आवरलं नाही.

डिसेंबरचं सामान मी औशातच घेतलं. महागात पडलं, पण लातूरची वाट नको वाटत होती.

तशात एका दुपारी वसतिगृहाच्या ऑफिसात एक बाई आली. माझ्याच वयाची, फिकट निळी साडी, कडेवर पेंगुळलेली मुलगी. म्हणाली, मी इंदू, अमर भाऊजींची वहिनी. वाटलं, जाब विचारायला आली.

तिनं मुलीला बाकावर निजवलं, अंगावरच्या शालीनं झाकलं आणि माझ्यासमोर बसली. आवाज इतका हळू की मला पुढं वाकावं लागलं.

"भाऊजींनी तुमचं नाव न्हाई घेतलं, ताई. पण गेल्या महिन्यापासून जेवण उतरंना त्यांना. शेजारच्या दुकानदाराकडून कळलं, औशाच्या मॅडम यायच्या म्हणून." तिनं मुलीकडे एकदा पाहिलं. "मी भांडायला न्हाई आले. एक गोष्ट सांगायला आले. आजवर कुणापाशी बोलले न्हाई."

अपघाताच्या दिवशी पोरगी तापानं फणफणली होती. घाबरून तिनं नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, अमर दोर आणायलाय, गिरणी बांधून निघतोच.

"मी म्हणाले, दोर-बीर राहू द्या. आधी निघा." इंदूनं डोळे मिटले. "म्हणून थांबले न्हाईत ते. भाऊजी अडीच वर्षं स्वतःला खाऊन राहिलेत, आणि मी ताटात वाढून राहिले... गप्प बसून. आता हे लग्न लावायलेत. ते पाप फेडायला नवरा होणार, मी पाप लपवायला बायको होणार. असलं घर नको मला, ताई. पोरीलाही नको."

मी उठून तिला पाणी दिलं. लग्नाआधी तिनं नर्सिंग केलं होतं. नांदेडच्या एका दवाखान्यात तिला नोकरी मिळत होती, राहायला खोलीसकट. घरी अजून सांगितलं नव्हतं.

"त्यांना सांगा तुम्ही," ती म्हणाली. "फोनचं सांगा. माझ्या तोंडून निघंना."

माझ्या मनात काय आलं, ते मी लपवत नाही. सांगितलं, तर तो मोकळा होणार होता. कदाचित माझा होणार होता. पण समोर ही बाई बसली होती आणि हे ओझं तिचंच होतं. दुसऱ्यानं सांगितलं असतं, तर ती चहाडी झाली असती.

"तुम्हीच सांगा," मी म्हणाले. "मी तुमच्यासोबत लातूरपर्यंत येते. घरात येणार नाही. कोपऱ्यावर गाडीत बसते."

आम्ही त्याच दिवशी गेलो. मुलगी माझ्याजवळ गाडीतच झोपून राहिली. तासाभरानं इंदू बाहेर आली. डोळे सुजलेले, पण चाल सरळ. म्हणाली, सांगितलं. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. उठून माडीवर गेले. सासरे, म्हणजे आबा, भिंतीला टेकून बसून राहिले.

नांदेडला जायचा दिवस तिनं ठरवला आणि मला विचारलं, गाडी मिळंल का. मी हो म्हटलं. त्या सकाळी दाट धुकं होतं. मी त्यांच्या दारात गाडी लावली. अंगणात तिचा संसार मांडून ठेवला होता: गादीची वळकटी, कुकर, पाच डबे, शेगडी, मुलीच्या तीनचाकी सायकलचं धूड. आठ दिवस अमरनाथ वहिनीशी एक अक्षर बोलला नव्हता, हे तिनं मला हळूच सांगितलं. मग आम्ही दोघीच सामान उचलू लागलो.

तेवढ्यात तो माडीवरून उतरला. दाढी वाढलेली. माझ्याकडे पाहिलं नाही, तिच्याकडेही नाही. माझ्या हातातली शेगडी घेतली आणि डिक्कीत मांडामांड सुरू केली. शेगडी तळाशी, सीटला टेकवून. डबे एकमेकांत बसवून. कुकरमध्ये वाट्या, वाट्यांत फडकी, म्हणजे वाजू नयेत. वळकटी फटीत ठोकून. सायकल कशीच बसेना, तेव्हा पाना आणून तिचं चाक काढलं, स्क्रू पुडीत बांधून पुडी वहिनीच्या हातात दिली. मग दोर घेतला. कड्यांतून ओवला. गाठ मारली, सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. तो तसाच डिक्कीवर वाकून उभा राहिला आणि त्याची पाठ हलू लागली.

इंदू पुढं झाली. दोराचं दुसरं टोक तिनं धरलं. दोघांनी मिळून गाठ आवळली.

"वहिनी," तो म्हणाला, "पोरगी तापली होती. तुम्ही दुसरं काय म्हणणार होता?"

ती तोंडाला पदर लावून गाडीत बसली. अहमदपूर येईपर्यंत ती रडत होती आणि लोह्यापासून पुढं शांत झोपली. नांदेडला खोलीत सामान लावून मी निघाले तेव्हा मुलगी दारात बसून विचारत होती, सायकलचं चाक कधी लावायचं.

त्यानंतर महिना गेला. त्याचा फोन नाही. मीही केला नाही. आपण त्याच्या घरातला एक खांब काढून नेला, आता छपराचं काय झालं, हे विचारायची मला हिंमत नव्हती. मुलींच्या परीक्षा आल्या. मी त्यांच्यासोबत पहाटे उठायची, वह्या तपासायची आणि कुठल्याही कागदावर त्याचं नाव लिहून खोडायची.

एका रविवारी चार वाजता त्याचा फोन आला. औशाच्या स्टँडवर उभा आहे म्हणाला. वसतिगृहात येऊ की नको, कळेना म्हणून तिथंच थांबलाय.

मी गेले. तो बाकावर बसला होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा, चेहरा मात्र उतरलेलाच. मी शेजारी बसले. मधे एक पिशवी मावेल एवढं अंतर.

त्यानं सांगितलं, तो नांदेडला जाऊन आला. सायकलचं चाक लावून दिलं. वहिनींनी जेवायला घातलं, आणि जेवताना दोघांनी पहिल्यांदा बालाजीच्या गोष्टी काढल्या, मरणाच्या नाही, जगण्याच्या. आबा अजून रुसलेले आहेत, पण नातीला फोन करतात.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी..." त्यानं तळहात गुडघ्यांवर घासले. "मी बरा झालो असं नका समजू. चांगलं चाललेलं असतं अन् मधेच अंधारून येतं. ते जाईल असं वाटत न्हाई. माणूस म्हणून मी जरा तुटकाच हाय. तरी पण... तुमच्याबिगर दिवस सरंना. हे सांगायला आलो. तुम्ही न्हाई म्हणालात तरी चालंल."

"मला नाही चालणार," मी म्हणाले.

त्यानं वर पाहिलं.

"अंधारून आलं की सांगत जा," मी म्हणाले. "मी दिवा लावायला येणार नाही. शेजारी बसेन. तेवढं मला जमतं."

त्याचा हात बाकावरून हळूहळू सरकत आला, माझ्या हाताशी थबकला... आणि मग माझ्या हातावर स्थिरावला.

पाचची लातूर गाडी लागली. कंडक्टरनं दोनदा हाक दिली. ती गेली. साडेपाचची आली, धूळ उडवून तीही गेली. स्टँड रिकामं होत गेलं. कुणीतरी झाडत झाडत आमच्यापर्यंत आलं तेव्हा आम्ही दोघांनी पाय वर घेतले, पण उठलो नाही.