उतरवलेली तात

"कापूस पिंजायची धनुकली चोरली? अरे, आता बठ्ठे पिंजारी यंत्रावर पिंजतात!" सुकदेवमामा म्हणाले.

"म्हणूनच तर कुणी का चोरली ते बघायचं," सारिका चौधरी म्हणाली. जळगावात खासगी तपास करणारी ही त्यांची भाची. एसटीतून निवृत्त झाल्यापासून मामा तिची गाडी चालवत आणि न विचारता सल्ले देत.

नासीर पिंजारींचं गाद्यांचं दुकान गल्लीच्या टोकाला होतं. समोरच्या हमरस्त्यावर फोमच्या गाद्यांचं चकचकीत शोरूम. देशभर दुकानं असलेल्या त्या कंपनीला महापालिकेने सवलतीत जागा दिली होती, करही माफ केला होता. त्यावरून ओरड झाली, तेव्हा नव्या संकुलातला एक गाळा आणि कमी व्याजाचं कर्ज एका पारंपरिक कारागिरासाठी राखून ठेवण्यात आलं.

"उद्या पालिकेची समिती येणार," नासीरभाई म्हणाले. "जुन्या अवजाराने कापूस पिंजून दाखवायचा. नाही जमलं, तर तो गाळाही शोरूमलाच, गोदामाला. मग मी इथे किती दिवस काढणार?"

"धनुकली शेवटची कधी पाहिली?"

"काल दुपारी. सरावाला तिची तात, ती आतड्याची दोरी, ताणली, पाचर ठोकून घट्ट केली आणि घडीभरासाठी तशीच खुंटीला लावून असरच्या नमाजला गेलो. परत आलो तर खुंटी रिकामी."

सारिकाने कोनाड्यात पाहिलं. तिथे लाकडाची छोटी पाचर नीट ठेवलेली होती. शेजारी तात छेडायची लाकडी मूठ, डमरूसारखी, मधोमध घासून गुळगुळीत झालेली. मामांनी ती उचलली.

"हाई तर हातात बसतच नाही!"

"माझ्या पंजावर बेतलेली आहे, मामा. अब्बांनी करून दिली. दुसऱ्याला ती कुचकामी."

भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण फ्रेम करून लावलं होतं. नासीरभाईंचा फोटो, खाली मथळा: 'घराण्यात मी एकटाच उरलो.'

"एकटेच?" सारिकाने विचारलं.

"एकटाच," नासीरभाई म्हणाले. आत चहा गाळणाऱ्या त्यांच्या पत्नी साबेराभाभींचा हात थबकला.

"भाभी, काल दुपारी कोण आलं होतं?"

"परकं कुणी नाही," त्या म्हणाल्या आणि कप पुसत राहिल्या.

मुलगा दानिश यंत्र बंद करून आला. "शोरूमचे भूपेंद्रसाहेब परवा येऊन गेले. धनुकली विकत मागत होते, काचेत लावायला. त्यांनाच धरा."

"आणि तू?"

"मी? तिची तात कशी चढवतात, कशी उतरवतात, तेही मला माहीत नाही. अब्बा हात लावू देतील तर ना! तौफिकचाचूला तेवढं शिकवलं दादाजींनी. तो धुळ्याला त्याच कंपनीच्या शोरूममध्ये—"

"दानिश!" नासीरभाई ओरडले.

शोरूममधले भूपेंद्र शिंपी हसले. "मॅडम, चोरून आणलेली वस्तू दर्शनी लावू का मी? मला तर मुठीसकट पूर्ण सेट हवा होता."

दुकानाशी परत येताच सारिका म्हणाली, "मामा, गाडी धुळ्याला घ्या. नासीरभाई, ती पाचर घेऊन तुम्हीही चला."

एरंडोल मागे पडलं. मामांना लहानपण आठवत होतं. थंडी पडायच्या आधी गल्लीच्या तोंडाशी टँव टँव ऐकू यायचं आणि आई म्हणायची, पळ, पिंजाऱ्याला थांबव. तो आवाज शेवटचा कधी ऐकला, ते काही केल्या त्यांना आठवेना.

तौफिकच्या खोलीचं दार उघडं होतं. अंगावर शोरूमचा निळा शर्ट. मागे भिंतीला टेकवलेली धनुकली.

"चोर!" नासीरभाई दारातूनच ओरडले. "कंपनीने पाठवलं तुला?"

"कंपनीने नाही," सारिका म्हणाली. "परका माणूस खुंटीवरून ओढून पळाला असता. या माणसाने घाईतही आधी तात उतरवली, पाचर कोनाड्यात ठेवली. काम नसताना तात ताणलेली ठेवायची नाही, हे ज्याच्या हातात मुरलंय त्याचं हे काम. दानिशला ते येत नाही. भूपेंद्रना शोभेसाठी मूठही लागली असती. मूठ मागे राहिली, कारण चोराकडे स्वतःची होती. अब्बांनी दोघांना शिकवलं, मग मूठही दोघांना करून दिली असणार. आणि भाभी खोटं बोलल्या नाहीत. दीर परका नसतो."

"पण चोरली का?" मामांनी विचारलं.

"ते कात्रणात आहे, मामा."

तौफिकने मान खाली घातली. "काल सुट्टी होती. पेपर वाचून भांडायलाच आलो होतो, भाईजान. तुम्ही मशिदीत. ही खुंटीवर. एकटाच उरलो म्हणालात. मी मेलो होतो का? कर्जाला पालिकेने आपल्याला दारातून परत पाठवलं, शोरूमला जागा दिली, तेव्हा पोटासाठी इथे आलो. दिवसभर फोम विकतो. फोमला आवाज नसतो."

नासीरभाईंनी खिशातून पाचर काढली, धनुकली उचलून तात ताणली. मग हात पुढे केला. तौफिकने आपली मूठ दिली. ती त्यांच्या पंजात बसेना. त्यांनी दोनदा धरून पाहिली आणि मुठीबरोबर धनुकलीही भावाकडे दिली.

"वाजव."

टँव.

खालच्या ओट्यावरची म्हातारी मान वर करून बघायला लागली. मामांनी चष्मा काढून उगाच पुसला.

"त्या पेपरवाल्याला मी चुकीचं सांगितलं," नासीरभाई म्हणाले. "उद्या तोही येणार आहे."

"उद्या माझी ड्युटी आहे, भाईजान."

 तौफिकने तात उतरवली, पाचर त्यांच्या हातात दिली आणि धनुकली स्वतः खाली आणून मागच्या सीटवर आडवी ठेवली.

गाडी निघाली. आरशात निळा शर्ट लहान होत गेला.

"येईल का गं तो?" मामांनी हळूच विचारलं.

"माहीत नाही." सारिकाने मागे वळून पाहिलं. नासीरभाईंचा हात सैल तातेवर होता. "पण मूठ त्याने धनुकलीबरोबर पाठवली नाही, मामा. स्वतःकडेच ठेवलीय. वाजवणाराच ती जपतो."