तीन नंबरचं चाक

रस्त्यावरच्या गाड्यांची स्टिअरिंगं काढून टाकली, त्याला आता इतकी वर्षं झाली होती की ऊर्वी मगदूमच्या वर्गात खरं स्टिअरिंग हातात धरलेलं एकही पोर नव्हतं. गाड्या आपल्याआपण चालायच्या आणि आतली माणसं डबा खायची, झोपायची नाहीतर भांडायची. पण कोल्हापूरची गाडी पळवायची हौस अशी सरकारी हुकमानं थोडीच जाते? ती गेली खेळात. शर्यती पडद्यावर व्हायला लागल्या, त्याही रीतसर, जिल्हा, विभाग, राज्य अशा. राज्याच्या संघात निवड झाली की दहावीला वाढीव गुणसुद्धा मिळायचे. त्यामुळे ‘किती वेळ गेम खेळणार आहेस?’ म्हणणाऱ्या आया आता ‘ऊठ, सरावाला बस’ म्हणून ओरडायच्या. याला म्हणतात प्रगती!

राज्याच्या संघात एकच जागा उरली होती, आणि ती रविवारच्या विभागीय शर्यतीत जो जिंकेल त्याची. ऊर्वीला ती हवी होती. भयंकर हवी होती. गेली दोन वर्षं तिनं लग्नं, वाढदिवस आणि गणपतीतली नाचायची संधीसुद्धा सोडली होती. आणि शर्यत चार दिवसांवर आलेली असताना ती काय करत होती? गोकुळ शिरगावच्या एका प्रयोगशाळेत बसून, उशीचे अभ्रे घातलेली चाकं फिरवत होती.

“दोन नंबर. पुन्हा एकदा,” डॉ. वसुधा शिंत्रे म्हणाल्या.

“मॅडम, गोल आहे, फिरतंय. अजून काय सांगू?”

“माझेपणा किती?”

“सहा.”

“मघाशी यालाच सात दिलेस.”

“मघाशी भूक नव्हती लागली!”

शेजारच्या खुर्चीत अल्फिया नदाफ फिस्सकन हसली. ती ऊर्वीच्याच संघातली, आणि तिच्या मांडीवर भडंगाची पुडी होती. “मॅडम, हिला सोडा. उपाशी असली की ही आईलापण सहाच देते.”

“अल्फिया, तेलकट हात चाकाला लावू नकोस.”

“अभ्र्याला पुसतो की.” कोल्हापूरच्या पोरी ‘पुसते’ म्हणत नाहीत, आणि डॉक्टरही मूळच्या गडहिंग्लजच्या, त्यामुळे त्यांना भाषेचं काही वाटलं नाही. अभ्र्याचं वाटलं.

अभ्रे घालायचं कारण म्हणजे कोणतं चाक कोणत्या कंपनीचं हे पोरांना कळू नये. पाच कंपन्यांची पाच चाकं होती. संघातल्या सगळ्यांनी ती चालवून बघायची, प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे, आणि ज्याला सगळ्यात जास्त ते वर्षभर सगळ्यांचं अधिकृत चाक. दुसरं वापरलं तर संघाबाहेर. गुण कशाचे? वेगाचे नाहीत, दिसण्याचे नाहीत. चाक निवडणाऱ्या समितीचा प्रश्न एकच असायचा, ‘गाडी मीच चालवली असं किती वाटलं?’ याला डॉक्टर ‘माझेपणा’ म्हणायच्या. समितीला वाटायचं, पोराला जे चाक स्वतःच्या हातासारखं वाटतं तेच सगळ्यात प्रामाणिक. ऐकायला किती बरोबर वाटतं ना? तिथंच तर घोळ होता.

ही चाकं जुन्या चाकांसारखी नव्हती. आपण हात वळवायचं ठरवलं की मेंदूकडून स्नायूला विजेचा बारीकसा निरोप जातो, आणि हात प्रत्यक्ष हलतो तो त्यानंतर जराशानं. शर्यतीत हा ‘जराशानं’ फार महागात पडतो. म्हणून मनगटाच्या वर दोन पट्टे बांधायचे. ते निरोप मधल्यामध्ये उचलायचे, वायरीतून चाकाकडे पाठवायचे, आणि चाकातली मोटर हाताच्या बरोबरीनं चाक फिरवायची. पण निरोप कधी अस्पष्ट येतो, कधी अडखळतो. त्या फटी बुजवायला प्रत्येक चाक आठवडाभराच्या सरावात तुमचा हात शिकून घ्यायचं. कुठल्या वळणाला तुम्ही घाबरता, कुठं उगाच शहाणपणा करता, सगळं. हाताच्या या शिकलेल्या नकलेला डॉक्टर ‘हस्तछाया’ म्हणायच्या. आपण मागायच्या आधी आई दुसरी चपाती वाढते ना, तसं. फक्त चपाती फटीपुरती वाढायची असते, अख्खं ताट आईनंच जेवायचं नसतं.

“तीन नंबर,” डॉक्टर म्हणाल्या.

ऊर्वी खुर्ची बदलायला उठली ती इतक्या तणतणत, की तिचा पाय टेबलाखालच्या वायरींच्या गुंत्यात अडकला. तिनं तो हिसडून काढला, वायरींना एक लाथ घातली आणि धपकन बसली. “चालू करा. आणि हे शेवटचं. माझा सराव बुडतोय, मॅडम, तुम्हाला कळत कसं नाही?”

आणि मग ती अशी पळाली म्हणता!

घाटाची वळणं तिनं लोण्यातून सुरी फिरावी तशी घेतली. पुलाजवळ एकदा गाडी गवतावर गेली तेव्हा ती स्वतःच ओरडली, “शी! माझंच चुकलं, लवकर वळवलं!” पण पुढं तिनं ते भरून काढलं. आजवरची तिची सगळ्यात वेगवान फेरी. हाताला घाम, कानशिलं गरम.

“माझेपणा?”

“दहा! मॅडम, दहा! हे चाक नाहीच, हा माझा हात आहे. हेच घ्या आणि आम्हाला घरी सोडा.”

“मीपण त्याला दहाच दिलेत,” अल्फिया म्हणाली. “सगळ्यांनी दिलेत. उगाच बसवून ठेवलंय.”

डॉक्टर मात्र टेबलाखाली बघत होत्या. त्या खाली वाकल्या आणि एका वायरीचं टोक हातात घेऊन वर आल्या. ऊर्वीच्या पट्ट्यांची वायर. ऊर्वीनं लाथ मारली तेव्हाच ती निघाली होती.

“म्हणजे?” ऊर्वीनं विचारलं.

“म्हणजे या फेरीत तुझ्या हाताचा एकही निरोप चाकापर्यंत गेलेला नाही.”

“असं कसं? मी चालवली की!”

“चाकानं चालवली. तुझ्या छायेवरून. तू चाक धरून बसली होतीस.”

“मॅडम, मी गवतावर गेलो! मी चुकलो! चाक कशाला चुकेल?”

“कारण तू पुलाजवळ नेहमी लवकर वळवतेस,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “चाक ते शिकलंय.”

अल्फियानं भडंग खायचं थांबवलं. ऊर्वीला इतका वैताग आला की तिला हसूच आलं. हिची स्वतःची, हक्काची चूक, तीपण हिची नाही म्हणे!

“असं होऊच शकत नाही. मला कळलं नसतं?”

“चल, बघू मग.” डॉक्टरांनी वायर चाकाला न लावता स्वतःच्या पडद्याला जोडली. “आता तुझ्या स्नायूंचे निरोप मला दिसतील, चाकाला नाही. काम सोपं आहे. डोंगराच्या वळणावर डावीकडे वळवायचं आणि गाडी सरळ भिंतीवर घालायची. मुद्दाम.”

“एवढंच? आत्ता घालतो.”

ती बसली. गाडी सुटली. वळण आलं. गाडी झोकात वळणावरून पुढं गेली.

“काय झालं?”

“अं… घालणारच होतो. पण म्हटलं इतकी छान फेरी चाललीय, कशाला खराब करा?”

“पुन्हा.”

पुन्हा वळण आलं, पुन्हा गाडी सुखरूप बाहेर. “हात घामेजला होता. घसरला,” ऊर्वी म्हणाली. पुढच्या वेळी म्हणाली, “अल्फिया मध्येच शिंकली.” अल्फिया म्हणाली, “मी कधी शिंकलो?” त्याच्या पुढच्या वेळी ऊर्वी खरंच चिडली आणि म्हणाली, “मला नाही घालायची भिंतीवर! मुद्दाम हरायचं माझ्या अंगातच नाही. शेवटच्या क्षणी मीच ठरवलं, नको.”

डॉक्टरांनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर एक रेघ होती, आणि वळणाच्या जागी तिनं प्रत्येक वेळी डावीकडे उंच उडी मारलेली होती.

“हा तुझा हात. प्रत्येक वेळी भिंतीकडे वळवत होता, पूर्ण जोरानं. तू काहीही बदललं नव्हतंस, ऊर्वी. चाकानं बदललं. तुझ्या डोळ्यांना दिसलं की गाडी वाचली, आणि तुझ्या मनानं लगेच एक कारण जुळवलं. आपण केलं म्हणजे काय, हे मनाला आधी माहीत नसतं. ते झालेलं बघतं, आणि ते आपल्या स्वभावाला शोभत असेल तर म्हणतं, हे माझंच.”

“मग वायर नीट जोडा की! संपला विषय.”

“जोडून काय उपयोग? हात एक म्हणाला आणि छाया दुसरं, तर हे चाक छायेचं ऐकतं. तुमच्यापेक्षा तुमची छाया जास्त तुमच्यासारखी असते. ती घाबरत नाही, तिचं लक्ष उडत नाही. कंपनीनं लबाडी केलीय असंही नाही. आम्ही माझेपणाला गुण दिले, त्यांनी माझेपणा बनवला.”

“चार नंबर कसं आहे?”

“ते पूर्ण तुझं ऐकतं.”

चार नंबरला ऊर्वीनं पाच गुण दिले होते. परक्या माणसाची चप्पल घातल्यासारखं वाटतं, असं म्हणाली होती.

संध्याकाळी संघातली सगळी पोरं जमली तेव्हा ऊर्वीनं त्यांना सगळं सांगितलं. कुणाचा विश्वास बसेल तर शपथ. मग एकेकाला खुर्चीत बसवून गाडी भिंतीवर घालायला सांगितलं. एकेकजण वळणावरून सुखरूप बाहेर आला आणि एकेकाकडे कारण तयार होतं. “आमच्या आण्णांची आठवण आली.” “सवय आहे गं, हात जातो तसा.” अल्फियानं तर सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. खुर्चीतून उठताना ती म्हणाली, “तुझं तसं झालं असेल. माझं मी ठरवलं.”

“अगं, रेघ बघ ना! रेघ!”

“रेघेला काय कळतंय माझ्या मनातलं?”

ऊर्वीनं कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरांनी आपला आक्षेप समितीला कळवला. समितीनं कौतुकानं वाचला आणि तीन नंबरचं चाक अधिकृत करून टाकलं. सगळ्यांचे दहापैकी दहा होते. मुलांचंच मत मानायचं नाही, तर मग कुणाचं?

“आता तू काय करणार?” डॉक्टरांनी तिला विचारलं.

ऊर्वीसमोर दोनच वाटा होत्या. चार नंबर घ्यायचं आणि घरी बसायचं, नाहीतर तीन नंबर धरून त्या एका जागेसाठी पळायचं. ती म्हणाली, “पळणार. बाकीच्यांना पटलेलंच नाही, मला माहीत आहे. मी सावध राहीन. ते कुठं माझ्याविरुद्ध गेलं, ते मला बरोबर कळेल. आणि जिंकलो, तर माईकवर सगळ्यांसमोर सांगेन की ही मी नव्हतोच. मग बघू, समिती काय वाचते ते.”

डॉक्टर अभ्र्यांच्या घड्या घालायला लागल्या. त्या घड्या घालण्याचाही ऊर्वीला वैताग आला.

रविवारी सभागृह खचाखच भरलं होतं. ऊर्वी प्रत्येक वळणावर सावध होती, चाकावर डोळा ठेवून होती, आणि एकदाही तिला ते आपल्याविरुद्ध गेल्यासारखं वाटलं नाही. शेवटच्या वळणावर अल्फिया पुढं होती. आत जेमतेम गाडीभर फट होती. ऊर्वीची गाडी त्या फटीत शिरली आणि पुढं निघाली, आणि सभागृह उठून उभं राहिलं. आई रडत होती. अल्फियानं हरूनही तिला उचलून घेतलं, “मेली! कुठनं घुसलीस गं?”

निवेदकानं माईक पुढं केला. “त्या फटीत शिरायचं धाडस कसं केलं, सांग!”

सांगायची हीच वेळ होती. ऊर्वीनं श्वास घेतला.

“मागच्या फेरीतच बघितलं होतं,” ती म्हणाली, “की अल्फिया तिथं जरा बाहेर जाते. मग मी थांबलो. मुद्दाम थांबलो. म्हटलं, शेवटच्या फेरीलाच घालायची.” लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि बोलताना तिला ते दिसायला लागलं. ती फट, तो क्षण, ‘आता!’ म्हणालेलं मन, आधी वळलेला डावा हात.

पहिल्या रांगेत डॉ. शिंत्रे बसल्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, नुसत्या तिच्याकडे बघत होत्या. ऊर्वीला त्यांचा भयंकर राग आला. काय बघतात या अशा? ते वळण तिनंच घेतलं होतं. तिला अगदी स्पष्ट आठवत होतं.