हात दाखवायला माणूस हवं

जुनी गाडी शोधणारा माणूस आणि मुलीला स्थळ शोधणारा बाप यांत फरक एवढाच, की बापाशी लोक निदान चहा देऊन खोटं बोलतात. मनमोहनला चहासुद्धा मिळाला नाही.

मनमोहन गिरगावातल्या चाळीतला माझा शेजारी, भिंतीला भिंत. त्याला गाडी हवी होती, ती इटालियन हवी होती आणि स्वस्त हवी होती. इटालियन, कारण लॅमिंग्टन रोडच्या एका मिस्त्रीनं त्याला सांगितलं होतं की फियाट पेट्रोल पीत नाही, नुसतं हुंगते. स्वस्त, कारण तो म्युनिसिपालिटीत नकाशे काढत असे.

गाडी कशाला, हे मात्र चाळीत कुणी विचारत नसे. आदल्या वर्षी संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरगाव पेटलं, कर्फ्यू लागला, आणि नेमक्या त्यातच त्याच्या बायकोला, सुमतीला, कळा सुरू झाल्या. टॅक्सी मिळाली नाही. व्हिक्टोरियावाला यायला तयार होता, त्याचा घोडा नव्हता. मूल खोलीतच जन्मलं आणि रडलं नाही. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. डॉक्टरांनी जिना उतरायची बंदी केली होती, आणि हरताळ काही संपले नव्हते.

"या वेळी मी कुणाच्या गाडीची वाट बघणार नाही, बंडू," मनमोहन म्हणाला. बंडू म्हणजे मी.

शीव कोळीवाड्यात एक फियाट पाहिली, तिच्यात कोंबड्या राहत होत्या. वरळीच्या गाडीचं इंजिन काढून पिठाच्या गिरणीला जोडलं होतं. मालक म्हणाला, "चालू कंडिशनमध्ये आहे." ते खरंच होतं. भायखळ्याच्या एजंटानं गाडी सोडून बाकी सगळं दाखवलं.

शेवटी परळ गावात धैर्यवान नावाच्या वृद्ध गृहस्थांचा पत्ता लागला. जुनं पाठारे प्रभू घराणं, बैठं घर, मागे तबेला, तबेल्यात पांढऱ्या चादरीखाली गाडी. लढाईआधी गिरणीतल्या कुणा इटालियन साहेबानं आणलेली. काळा रंग आरशासारखा. आत सुरंगीच्या सुकलेल्या गजऱ्याचा, वळेसराचा वास. आणि स्टिअरिंग डावीकडे.

कुणी घेत नव्हतं ते त्यामुळेच. तेव्हा उजवीकडे वळायचं तर ड्रायव्हर उजवा हात बाहेर काढून मागच्यांना सांगे. डावीकडे बसलेल्याचा हात फार तर फुटपाथवरच्या केळीवाल्याला दिसणार.

"उजवीकडे हात दाखवायला माणूस हवं," धैर्यवान म्हणाले. "आमची मंडळी बसायची."

"आता?"

"आता मी गाडी बाहेर काढत नाही."

गाडी कशासाठी, त्यांनी विचारलं. मनमोहननं सांगितलं. बाळंतपणाचं नाव निघताच म्हातारबुवा बराच वेळ गाडीच्या टपावरून हात फिरवत राहिले. मग त्यांनी अशी किंमत सांगितली, की ऐकून आम्हीच ओशाळलो.

"घेऊन जा. मग चालेल तिला."

गाडी स्त्रीलिंगी. मी व्याकरणावर विश्वास ठेवला.

सुरुवातीला हात दाखवायला मी बसत असे. एकदा लालबागला भिंतीवरची घोषणा वाचण्यात मी गुंगलो आणि वळताना हात काढायचा राहून गेला. तरी मागची टॅक्सी शिस्तीत थांबली. टॅक्सीवाला पुढे जाताना आमच्याकडे बघून अदबीनं हसला. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

उजवीकडची काच मी संध्याकाळी वर करून ठेवी. सकाळी ती खाली असे. स्प्रिंग ढिली असेल, म्हणून मिस्त्रीला दाखवली. तो म्हणाला, "ढिली कसली? फिरवायला जोर लागतो, साहेब."

पुढे मनमोहन एकटाच गाडी काढू लागला. हात कोण दाखवतं, असं विचारलं तर म्हणे, "जमतं रे."

एका सकाळी ठाकूरद्वारच्या नाक्यावर हवालदारानं मला थांबवलं. ओळखीचा माणूस, सावंतवाडीकडचा.

"तुमच्या त्या दोस्ताच्या मिसेस हात एकदम करेक्ट दाखवतात हां. नायतर इथे लोक हात दाखवतात की माश्या मारतात तेच समजत नाय."

"कधी पाहिलंत त्यांना?"

"रोज बघतो. हात तेवढा दिसतो. हिरव्या बांगड्या, कोपरापर्यंत."

सुमतीला डोहाळजेवणात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, हे खरं. पण ती दोन महिने जिना उतरली नव्हती. 'हात दाखवून अवलक्षण' ही म्हण मी लोकांच्या टिंगलीसाठी अनेकदा वापरली आहे. त्या दिवशी वापरली नाही.

संध्याकाळी मी मनमोहनला विचारलं. तो गाडी पुसत होता. उजवं दार त्यानं पुसलं नव्हतं, तरी ते लखलखत होतं.

"तुला ती दिसते?" मी म्हणालो.

"नाही. निघताना 'बसलात ना?' एवढं विचारतो. मग वळणं सोपी जातात."

"अरे, पण कोण—"

"बंडू, मला सुमतीला पोचवायचंय. हात कोण दाखवतं ते मी विचारणार नाही. तूही विचारू नकोस."

कळा सुरू झाल्या त्या हरताळाच्याच दिवशी, भर दुपारी. दुकानं बंद, ट्राम बंद. सुमतीला खुर्चीत बसवून खाली आणलं. शेजारच्या जाईबाई तिला धरून मागे बसल्या. मी पुढचं उजवं दार उघडायला गेलो.

"मागे बस," मनमोहन म्हणाला.

मी मागे बसलो.

लालबागला रस्त्यावर दगड पसरले होते. टायर जळत होता. पन्नासेक माणसं आमच्याकडे वळली. कुणीतरी ओरडलं, "आज गाडी काढतो काय रे?"

पुढच्या उजव्या खिडकीतून एक हात बाहेर आला.

मी मागून पाहिला. गोरा, भरलेला, बायकी हात. हिरवा चुडा. पंजा उभा, बोटं जुळलेली.

सीटवर कुणी नव्हतं.

"बाई अडलीय," पुढे कुणी म्हणालं. "वाट द्या रे."

दगड बाजूला झाले. परळच्या हॉस्पिटलच्या वळणावर हात पुन्हा बाहेर आला, आडवा, अगदी करेक्ट.

मुलगी झाली. रडली. मनमोहन व्हरांड्यातल्या बाकावर बसून लहान मुलासारखा रडला, आणि मी सगळं विसरायचं ठरवलं.

घरी न्यायच्या दिवशी मी सुमतीशेजारी मागे बसलो. चिंचपोकळीचा पूल मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिची मांडी रिकामी आहे.

"सुमती, बाळ?"

"पुढे दिलं, बंडूभावजी," ती पेंगुळलेल्या आवाजात म्हणाली. "त्या म्हणाल्या, दमलात, द्या इकडे."

मी पुढे वाकलो. सुरंगीचा वास ताजा होता. दुपट्यात गुंडाळलेली पोर शांत झोपली होती. सीटवर नाही. सीटच्या वीतभर वर.

पुढच्या वळणावर हात बाहेर आला नाही. मागच्या टॅक्सीनं करकचून ब्रेक मारला.

"हात मोकळे नाहीत," मनमोहन हळूच म्हणाला. स्टिअरिंगवर त्याची बोटं पांढरी पडली होती.

चाळीच्या फाटकाशी गाडी थांबली. वर गॅलरीत बायका भाकरतुकडा घेऊन ओवाळायला उभ्या होत्या. सुमती उतरली, फिरून पुढच्या उजव्या दाराशी गेली, दार उघडून तिनं दोन्ही हात आत घातले.

"द्या आता," ती म्हणाली.

बाळ हललं नाही. दुपटं मात्र दोन्ही बाजूंनी ताणलं गेलं.