पांढरी पिशवी

मंगळवार, १४ मे १९९६. सकाळपासून धुळीचा वारा, पारा एक्केचाळीसवर, सूर्य जस्ताच्या थाळीसारखा फिका.

बहारीनमधल्या गुदैबियातल्या सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत धम्मदीप टाकाऊ मालाची वही लिहीत बसला होता. नियम साधा होता. शिळे पाव आणि खुबूस, म्हणजे अरबी रोट्या, पांढऱ्या पिशवीत. ते जनावरांना चालतात. मांस, आणि मांस लागलेलं काहीही, लाल पिशवीत. कुणी खाऊ नये म्हणून त्यावर निळा रंग ओतायचा आणि ते नगरपालिकेच्या खड्ड्यात जायचं. सहा वर्षांत त्याची एकही नोंद चुकली नव्हती. पण आज टाकाऊ मांसाबद्दलचं नवं परिपत्रक भिंतीला चिकटवताना त्याचा हात थबकला. उरलेले खिमा समोसे बेकरीच्या काउंटरवरून येत, म्हणून गेले तीन महिने तो ते पावांच्या रकान्यात लिहीत आला होता. पांढऱ्या पिशवीत.

तपासणी उद्याच होती. जनावरांना मांस घातलेलं सापडलं तर कारकुनाचा व्हिसा रद्द, असं मॅनेजरने सर्वांसमोर बजावलं होतं. बायको अक्षता आणि मुलगी जानेवारीतच तर इथे आल्या होत्या.

पांढऱ्या पिशव्या व्हॅनचा ड्रायव्हर मुनाफ न्यायचा. सखीरच्या पुढे, माळावर, बकऱ्या राखणारा एक म्हातारा अरब होता, त्याच्याकडे. मुनाफ रत्नागिरीचा. रोटी कचऱ्यात टाकायची नसते, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

धम्मदीपने चूक सांगितली तेव्हा तो हसला. "बकऱ्या तुमचं परिपत्रक वाचतात काय, भाऊ?" मग जरा थांबून म्हणाला, "पण हल्ली त्या ओरडत नाहीत, हे खरं."

जे उरलं असेल ते परत आणायचं ठरवून, रंगाचा डबा आणि एक लाल पिशवी घेऊन धम्मदीप त्याच्यासोबत निघाला. आजची समोशांची पांढरी पिशवी आधीच व्हॅनमध्ये चढली होती.

दोनच्या सुमारास ते पोचले. कुंपण आडवं पडलं होतं. हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या तशाच सुकून गेल्या होत्या. फाटलेल्या पिशव्यांतून पाव बाहेर पडले होते, अख्खे, कोरडे. समोशांचा मात्र कण नव्हता. वास शेळ्यांचा नव्हता. कोल्ड स्टोरेजच्या गटाराला येतो, तसा होता. झोपडीभोवती बकऱ्या उभ्या होत्या, सगळ्यांची तोंडं बंद दाराकडे.

"मुनाफ..." आतून म्हातारा हळूच म्हणाला, "थैली लाया?"

"लाया, चाचा. बाहर आओ."

"पहले उनको दो... दूर फेंको. फिर मैं निकलेगा."

बकऱ्यांनी एकदम माना वळवल्या. एक शांतपणे व्हॅनपाशी आली आणि मागच्या दाराची मूठ चाटू लागली.

मुनाफ कुजबुजला, "देऊन टाकू, भाऊ. एकच तर पिशवी. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना. आजवर चुकून गेलं. आता जाणूनबुजून?"

"माणूस आहे आत."

"पोलीस घेऊन येऊ. तास-दोन तास लागतील. दार तर बंद आहे."

मुनाफने त्याच्याकडे असं पाहिलं की धम्मदीपने नजर वळवली. व्हॅनमध्ये चढून, दार आतून ओढून घेऊन, त्याने आजचे समोसे लाल पिशवीत भरले आणि वर निळा रंग ओतला.

"थैली... मुनाफ... थैली..." मग आवाज थांबला. त्यानंतर झोपडीच्या बाजूने काही तरी चघळल्याचा आवाज ऐकू आला. सावकाश, ओला. धम्मदीपने काचेतून बाहेर पाहिलं. एकाही बकरीचं तोंड हलत नव्हतं.

साडेचारला ते दोन पोलिसांसह परतले. झोपडीच्या दाराला आतून कडी होती. दार फोडलं. आत कुणी नव्हतं. झोपडीला खिडकी नव्हती. बकऱ्या बाहेर बसल्या होत्या.

लाल पिशवी, साडेतीन किलो, सहा वाजता खड्ड्यात गेली. बुधवारी तपासणी झाली; वहीवर सही मिळाली. धम्मदीपचा व्हिसा दोन वर्षांसाठी वाढला.