जागा धरलेली आहे

"ही जागा रिकामी आहे?"

प्रश्न मराठीत आला म्हणून मी वर पाहिलं. दादाशी फोनवर चाललेलं माझं बोलणं त्यानं ऐकलं असावं. लोकरी टोपी, खांद्यावर झोळा, चष्म्याच्या काचांवर धुकं.

"नाही. इथे आई आहे."

त्यानं बाकावरच्या घडी घातलेल्या तपकिरी शालीकडे पाहिलं, "अच्छा" म्हणाला आणि खांबाला टेकून उभा राहिला. नवी दिल्ली स्टेशनवर जानेवारीतली ती सकाळ इतकी धुरकट होती, की समोरचा फलाट दिसत नव्हता. तो पाऊण तास तसाच उभा होता.

सतरा दिवसांत अकरा शहरं झाली होती. दिवाळीत आईनं आणि मी मिळून हा दौरा आखला होता, मग दोघींची तिकिटं काढली होती. मार्गशीर्षात आई गेली. माझं तिकीट होतंच. तिचं रद्द करायला मन धजेना. म्हणून प्रत्येक गाडीत माझ्या शेजारी एक रिकामी जागा आणि तिच्यावर शाल. कोणी विचारलं, की येतेय म्हणून सांगायचं. किल्ले, देवळं, घाट सगळं धावत पाहिलं. आग्रा आधी की जयपूर, हे आता सांगता येणार नाही. दिवस फक्त संपवायचे होते.

अमृतसरची गाडी धुक्यामुळे रद्द झाल्याची घोषणा झाली. मी रडले नाही. नुसती बसून राहिले.

तो दोन कुल्हड घेऊन आला. "चहा घ्या. मी हेरंब. मयूर विहारला राहतो, पहाडगंजच्या मराठी शाळेत इतिहास शिकवतो. तुम्ही?"

"स्वानंदी. साताऱ्याची."

"नाव स्वानंदी आणि चेहरा असा सुतकी? गाडीच तर रद्द झालीये, यार."

दिल्लीत वाढलेल्या माणसाचं मराठी ते. त्याच्या घरी रुसलेल्या पोरांना सुतकी म्हणत, एवढाच त्याला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक, हे मला नंतर कळलं.

"सुतक फिटून महिना झाला," मी म्हटलं आणि शाल सरळ केली.

तो कानापर्यंत लाल झाला. पण माफी मागत बसला नाही, आणि ते मला बरं वाटलं. गेला महिनाभर ज्यानं त्यानं दोन वाक्यांत माझं सांत्वन करून मला वाटेला लावलं होतं.

"मी पानिपतला चाललोय," तो म्हणाला. "काला अंबला, लढाईच्या स्मारकाशी. उद्या चौदा तारीख, लढाईचा दिवस; आमच्या शाळेची मुलं येतात. मी आदल्या दिवशी जाऊन तयारी बघतो. पॅसेंजर आहे, सगळ्या स्टेशनांवर थांबते. येता?"

"तिथे बघायला काय आहे?"

"काहीच नाही. एक खांब आणि आजूबाजूला झाडं. हरलेल्या माणसांची जागा आहे ती… तिथे तुम्हाला कोणी हस म्हणणार नाही."

सतरा दिवसांत इतकं चांगलं आमंत्रण मला आलं नव्हतं. माझा फोटो आणि शाळेचं नाव तुमच्या दादाला पाठवा, असं त्यानंच बजावलं. मी पाठवलं.

पॅसेंजर फलाटाला लागायच्या आतच त्यानं धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकला. एक जागा माझी, शेजारची आईची. मी शाल पसरली. तो उभाच.

"बसा ना तुम्ही."

"कमाल करता. मी ती आईंसाठी धरलीये."

नरेला गेलं. डबा भरला. लोक शालीकडे बघत, मग त्याच्याकडे. तो शांतपणे सांगे, "माताजी आ रही हैं." न लाजता, न हसता. सोनिपतपर्यंत, म्हणजे धुक्यात जवळजवळ दोन तास, तो माझ्या आईची जागा राखत उभा होता. मला तो तिथेच आवडला, सांगून टाकते.

गन्नौरला एक म्हातारी चढली. डोक्यावर मुळ्यांचं गाठोडं, गुडघे वाकलेले. "बेटी, आड़ै कोई बैठ्या सै के?" तिनं शालीकडे बोट दाखवलं.

हेरंब 'माताजी…' म्हणू लागला. मग थांबून त्यानं माझ्याकडे पाहिलं. उत्तर मीच द्यायचं होतं.

गाडी सुटली. म्हातारीनं कडीला हात घातला. मी शाल उचलली. किती हलकी होती ती.

"कोणी नाही," मी म्हटलं. मराठीतच.

ती बसली आणि थोड्या वेळानं झोपली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं. केसांना मोहरीच्या तेलाचा वास होता. आई खोबरेल लावायची. महिन्यात पहिल्यांदा मी रडले, आणि चांगली पोटभर रडले. हेरंब एक पाऊल सरकून असा उभा राहिला, की डब्यातल्या कोणाला मी दिसू नये.

पानिपतला उतरलो तेव्हा धुकं विरळ झालं होतं.

"अमृतसरची पुढची गाडी बघू का?" त्यानं विचारलं.

"नको. राहिलेली तिकिटं रद्द करते. दोन्ही." मी फोन बाहेर काढला. "परत कधी जाणार तुम्ही?"

"उद्या संध्याकाळी. पॅसेंजरनंच."

"मग खिडकीजवळ जागा धराल?"

"किती…" तो मध्येच थांबला.

थंडी होती. मी आईची शाल माझ्याच अंगावर लपेटून घेतली.

"दोन," मी म्हटलं. "तुम्ही काय, परतीलाही उभ्यानंच येणार आहात?"