अब्राहामच्या बाहीवरचा ठिपका

नेरीनाच्या पत्राला ओत्तावियोने उत्तर दिलं नव्हतं. चार महिने झाले. पत्रात एकच मागणं होतं: ‘मास्तर, चित्र मी बदललं नाही, एवढं तुम्ही तरी म्हणा.’ ओत्तावियोला खात्री नव्हती. खात्री त्याला स्वतःच्या चष्म्याच्या नंबराचीही नसे. त्याने पत्र उगोला दाखवलं. उगो म्हणाला, थांब, उगाच अडकशील.

बोलोन्याच्या त्या लहान संग्रहालयात ओत्तावियो जुनी रेखाचित्रं सांभाळायचा, उगो त्यांची सूची लिहायचा. तीस वर्षांची मैत्री. नेरीना कागद दुरुस्त करायची. सतराव्या शतकातलं एक शाईचं चित्र तिच्याकडे होतं: अब्राहाम दासी हागारला लेकरासकट घराबाहेर काढतो आहे. दुरुस्ती झाल्यावर उगोने ते कपाटात नेऊन ठेवलं. आठवड्याने एका पाहुण्या अभ्यासकाने सांगितलं, ही नक्कल आहे. मूळ चित्र नेरीनानेच बदलल्याचा ठपका आला आणि तिची नोकरी गेली. सोमवारी तिच्यावरचा खटला उभा राहणार होता.

नक्कल न्यायालयात पाठवण्याआधी ओत्तावियोने ती भिंगाखाली धरली. अब्राहामच्या बाहीवर शाईचा ठिपका होता. त्याने उगोला बोलावलं.

“हा ठिपका कसला?”

“बटण असेल. मला काय विचारतोस, लेका?”

“मूळ चित्रात तिथे किड्याने पाडलेलं भोक होतं. नेरीनाने तेच बुजवलं.”

“मग?”

“फोटो दुरुस्तीच्या आधीचा. फोटो काढताना चित्राखाली काळा कागद घालतात. फोटोत भोक काळं दिसतं. नक्कल करणाऱ्याला तो शाईचा ठिपका वाटला. म्हणजे मूळ चित्र त्याने पाहिलंच नाही. नेरीनाने काम दिलं असतं, तर मूळच दिलं असतं. निदान भोकाचं तरी सांगितलं असतं.”

“फोटो कुणालाही मिळतो.”

“तो सूचीसाठी काढलेला, आणि सूची छापायची आहे अजून. फोटोची एकच प्रत आहे, तुझ्या खणात. आणि कपाटापर्यंत चित्र तूच नेलंस.”

उगोने चष्मा काढून पुसला.

“तुला कळेल, हे वाटलं होतं,” तो म्हणाला. “तू बोलशील, असं नव्हतं वाटलं. तिला तर तू चार ओळीही लिहिल्या नाहीस.”

ओत्तावियोने पोलिसांना फोन लावला. आवाज इतका बारीक निघाला की नाव दोनदा सांगावं लागलं.

उगोला नेल्यावर त्याने कागद पुढे ओढला. तीन मसुदे फाडले. चौथ्यात लिहिलं: ‘नेरीना, तू चित्र बदललं नाहीस. आज माझ्याकडे पुरावा आहे. पण तुला मी ओळखत होतो, तेवढं तेव्हाच पुरायला हवं होतं.’

तिकीट लावून तो कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि त्याने पत्र पेटीत टाकलं.