पाटीवर एकोणीस

आर्डिस हेगनने कोट काढला नाही, कॉफीलाही हात लावला नाही. तिचे वडील टोरवाल्ड, वय अठ्ठ्याहत्तर, मंगळवारी नॉरबीत जेवण उरकून बदकं बघायला शेतावर गेले, ते परतलेच नाहीत. आज शुक्रवार. शेरिफच्या मते म्हातारा एकटेपणाला कंटाळून कुठेतरी निघून गेला असणार.

"मी दर रविवारी फोन करते, तर ते तासभर आधीपासून फोनशेजारी बसतात," आर्डिस म्हणाली. "मरण आलं असेल तर आलं, बाई. पण मला न सांगता टाकून गेले, हे मी ऐकून घेणार नाही."

लिओना प्राझाकने चष्मा पुसला. गुप्तहेर होण्याआधी ती याच काउंटीत घरोघर फिरून जनगणना करायची. तिचा मेहुणा डेल निवृत्त शाळाबस-चालक. आता तिची गाडी हाकायचा. आपल्या डोक्यात प्रकाश उशिरा पडतो, हे तो स्वतःच सांगत असे.

रस्ता नाकासमोर सरळ होता. दोन्हीकडे कापलेल्या मक्याची धसकटं आणि त्यांच्यावर बसून राहिलेलं धुकं. अकराव्या मैलावर मात्र डेलने गाडी डावीकडे घेतली आणि लगेच उजवीकडे. जुन्या जमीनमोजणीवाल्यांचे चौकोन गोल पृथ्वीवर बसेनात, म्हणून त्यांनी इथे रस्ताच सरकवला होता. त्या सरकण्यात पाचरीसारखी एक पट्टी उरली होती. टोरवाल्डची पट्टी. गवत, दलदल, बदकं. शेजारच्या शेतातून आलेला ताज्या काळ्या मातीचा पट्टा थेट त्या गवतात घुसला होता.

"निचऱ्याचे पाइप पुरलेत कुणीतरी," डेल म्हणाला. कापणी झाली की सगळेच पुरतात, म्हणून त्याने पुढे विचार केला नाही. लिओना मात्र मान वळवून बघत राहिली.

मग धुक्यातून पाटी पुढे आली. नॉरबी. लोकसंख्या १९.

आकड्याचे पत्रे पाटीवर खिळ्याला अडकवलेले असायचे आणि बाकीचे चर्चच्या ओसरीवरल्या उघड्या पेटीत. गावात कुणी जन्मलं किंवा गेलं, की ज्याला आधी कळेल त्याने आधी आकडा बदलायचा, मग बाकीचं सगळं. इथली पोरं हे चालण्याबरोबरच शिकायची.

ओपल क्विस्ट आजीने त्यांना भट्टीतून काढलेला बटाट्याचा हॉटडिश वाढला आणि तक्रारही वाढली. मंगळवारी दुपारी तिला नातू झाला. तिने गावभर फोन केले, पण त्याआधी जाऊन स्वतःच्या हाताने वीसचा पत्रा लावला. बुधवारी सकाळी बघते तर एकोणीस! चार वर्षं एकोणीसच होतं, म्हणून सगळे तिलाच हसत होते, की आजी, तुम्ही बदलायचं विसरलात.

"विसरेन कशी? शिडीवरून उतरताना गुडघा फोडून घेतलाय," ती म्हणाली आणि पट्टी दाखवली.

"गावात तुम्ही किती जण?" लिओनाने विचारलं.

"वीस."

डेलने जांभई दाबली. जनगणनेची खोड जात नाही बाईची.

पाद्री रीबर गडबडला होता. चर्च बंद करण्यावरून त्याचं टोरवाल्डशी सोमवारीच कडाक्याचं भांडण झालं होतं, आणि मंगळवारी संध्याकाळी तो कुठे होता ते त्याला नीट सांगता येईना. किती जण, या प्रश्नावर मात्र तो चटकन बोलला, "वीस. टोरवाल्ड परत येणारच आहे."

"पाटीवर तर एकोणीस आहे," बाहेर आल्यावर डेल कुजबुजला. "पाद्र्याला मोजताही येत नाही."

वेंडेल स्टुबेचं शेत टोरवाल्डच्या पट्टीला लागून. तो उशीला टेकून बसला होता. सोमवारपासून कंबर धरलीय, अंथरुणातून उठलेलो नाही, म्हणाला. टोरवाल्डबद्दल वाईट वाटतंय. म्हातारा हट्टी होता. वेंडेलचं पाणी आपल्या पट्टीतून जाऊ द्यायला वीस वर्षं नाहीच म्हणत आला.

"तुम्ही किती जण?"

"ओपलचं कालपरवाचं कार्टं धरून एकोणीस," वेंडेल हसला. "त्यातलं तेवढं एकच अजून कुणाशी भांडलेलं नाही."

संध्याकाळी चर्चच्या तळघरात लिओनाने सगळ्यांना बसवलं. वेंडेलही कंबर धरून आला, शेरिफही आला. कॉफी कुणीच प्यायलं नाही.

"ओपल विसरल्या नव्हत्या," ती म्हणाली. "त्यांनी वीस लावले. नंतर कुणीतरी एक कमी केला. पाटी पुन्हा जुन्या आकड्यावर आली, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण आकडा कमी कधी होतो?"

या वेळी डेलच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. कुणीतरी गेलं की.

"पाद्रीबुवा वीस म्हणाले, कारण टोरवाल्ड त्यांच्या हिशेबी जिवंत आहेत. वेंडेल, तू बाळ धरून एकोणीस म्हणालास. बाळाआधी एकोणीस होते, बाळ धरून वीस. तुझा एक कुठे गेला?"

वेंडेलने पाटी वाचली असेल, असं शेरिफ म्हणाला.

"अंथरुणातून? बरं, ती ताजी माती. टोरवाल्डने वीस वर्षं नाही म्हटलं, आणि या आठवड्यात पाइप त्याच्या गवतात गेले. आता नाही म्हणायला कुणी नाही, हे ज्याला माहीत होतं त्यानेच ते पुरले. शेरिफ, तो पट्टा जिथे संपतो तिथे खणा."

"ते पत्रे माझ्या बापाने कापलेत," वेंडेल म्हणाला. "टोरवाल्ड खणतीच्या आडवा उभा राहिला. मी फावडं मारलं. मग घरी निघालो, तर पाटीवर वीस. खोटा आकडा. हात राहिला नाही."

शनिवारी सकाळी टोरवाल्ड सापडले, पट्टा जिथे संपत होता तिथेच.

आर्डिस रडली नाही. तिने पेटीतून पत्रे घेतले, शिडी लावली, एकोणीस उतरवून वीस लावले आणि थोडा वेळ खाली उभी राहून बघितलं. बाप असलेलं गाव. मग पुन्हा चढून तिने स्वतःच्या हाताने एकोणीस लावले.

"आणि वेंडेल?" डेलने हळूच विचारलं. "तो तर जिवंत आहे."

"माणूस जिथे झोपतो तिथे मोजायचा," लिओना म्हणाली. "जनगणनेचा नियम आहे."

दूरवर वेंडेलला घेऊन शेरिफची गाडी काउंटीच्या तुरुंगाच्या दिशेने धुक्यात शिरत होती. आर्डिसने ती दिसेनाशी होऊ दिली. मग शिडीवरूनच हात खाली केला, आणि ओपल आजीने तिच्या हातात अठराचा पत्रा दिला.